टॉप २ टक्के शास्त्रज्ञ, पण शोधलं काय?

गोदाकाठी (धागाकर्ता):
रविवारी गंगापूर रोडला एका सत्काराला गेलो होतो. सत्कारमूर्ती मूळचे निफाड तालुक्यातले, परदेशात वीसेक वर्षं बॅटरीच्या कॅथोड (धन टोकाच्या) मटेरियलवर काम करतात. निवेदकाने त्यांचा एच-इंडेक्स वाचला, सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात त्यांच्या पेपरांचा किती वेळा संदर्भ दिला ते) वाचली, 'जगातल्या टॉप २ टक्क्यांत' हे तीनदा म्हटलं; सायटेशनवरून निघणारी शास्त्रज्ञांची यादी आहे ती. शाल, नारळ, टाळ्या. या माणसाने नेमकं काय शोधलं, हे मात्र कुणी अर्ध्या वाक्यातही सांगितलं नाही. त्यांना स्वतःला पाच मिनिटं मिळाली, त्यातली तीन आभार मानण्यात गेली.

लासलगावला आवक किती झाली यावरून कांदा कसा आहे ते कळतं का? बॅटरीवाले शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांनी १९८० साली ऑक्सफर्डमध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड दाखवला, तेव्हा विद्यापीठाला पेटंट घेण्यातही रस नव्हता. सोनीने त्यावरची बॅटरी विकायला काढली १९९१ ला. नोबेल २०१९ ला, वयाच्या ९७ व्या वर्षी. आकडे बघून आधी कुणी शाल दिली असती का?

लिथियमवाली:
असहमत. आकडा नको, मग काय हवं? वशिला? मी सटाण्याची. घरात पहिली पदवीधर मीच. एका मुलाखतीत मला पहिला प्रश्न आला, "गाइड कोण? ओळख कुणाची?" तेव्हा दाखवायला माझ्याकडे फक्त सायटेशन मोजणारं गूगल स्कॉलरचं पान होतं. दूरच्या कुठल्या लॅबमधल्या अनोळखी माणसाने माझा पेपर वापरला, एवढाच माझा वशिला.

आणि गुडइनफांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. १९९७ चा लिथियम आयर्न फॉस्फेटचा (एलएफपी, हेही कॅथोडचंच मटेरियल) पेपर घ्या. पाढी, नंजुंडस्वामी, गुडइनफ. पहिली दोन नावं भारतीय आहेत, हे जाता जाता. बॅटरीच्या क्षेत्रात सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्या पेपरांत तो येतो आणि एलएफपी आज गाड्यांत धावतंय. आकडा खोटं बोलला का?

अंबड_एमआयडीसी:
आम्ही एलएफपी सेलचे पॅक जोडतो. शिक्षण डिप्लोमा, त्यामुळे एच-इंडेक्सबद्दल बोलत नाही. पण साहेबांनी दिलेले चार पेपर वाचले. वर लिहिलेलं असतं, इतके मिलिअँपिअर-अवर प्रति ग्रॅम (म्हणजे ग्रॅममागे किती चार्ज साठतो), वा! खाली बघावं तर चाचणी बटणाएवढ्या कॉइन सेलवर आणि फॉइलवर चौरस सेंटिमीटरला मटेरियलचा लेप दोनेक मिलिग्रॅम. बाजारातल्या सेलमध्ये त्याच्या कितीतरी पट लेप असतो. लेप जाड झाला की आयनला आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, तिथेच सगळं अडतं. असे पेपर एकमेकांना साइट करत बसतात. आमच्या टेबलावर त्यातलं काही येत नाही.

पंचवटीकर:
मिसळ कुठली चांगली तेही आता रीलच्या व्ह्यूजवर ठरतं. चालू द्या.

गोदाकाठी:
@लिथियमवाली, तो १९९७ चा पेपर पुन्हा काढून बघा. त्यात स्वतः लेखकांनीच हे मटेरियल 'कमी शक्तीच्या' बॅटरीला उत्तम म्हटलंय, कारण करंट वाढवला की आत लिथियमचं सरकणं मंद पडतं आणि क्षमता घटते. गाडी पळेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. पुढे दुसऱ्यांनी कणांवर कार्बनचा लेप चढवला, कण बारीक केले, तेव्हा ते धावलं. आणि आज श्रेय मोजताना तो मूळ पेपर एक, त्याखाली हजारो. मधल्या माणसांची शाल कुठाय?

लिथियमवाली:
सर, कार्बनचा लेप चढवणाऱ्यांनी आधी हा पेपर वाचला म्हणून तर चढवला! सायटेशन म्हणजे तीच पायवाट. कुणी कुणाच्या खांद्यावर उभं राहिलं ते त्यातूनच दिसतं.

एक मात्र मान्य. आमच्या क्षेत्रात गर्दी एवढी आहे की रिव्ह्यू पेपर (इतरांच्या कामाचा आढावा) लिहिला की आकडा आपोआप फुगतो. माझा सगळ्यात जास्त साइट झालेला पेपर रिव्ह्यूच आहे, त्यासाठी मी एकही सेल बांधलेला नाही. बारा लेखकांच्या पेपरात बाराव्यालाही अख्खं सायटेशन मिळतं. पण म्हणून आकडा फेकून द्यायचा नाही, वाचायला शिकायचं.

संख्यावेडा:
मूळ गोष्टच कुणी सांगत नाहीये. एच-इंडेक्स ४० म्हणजे ज्यांना प्रत्येकी किमान ४० सायटेशन आहेत असे ४० पेपर. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे सुचवलं ते भौतिकशास्त्रज्ञांसाठी, आणि विषय बदलला की आकडा बदलतो हे त्यांनीच बजावलं होतं. माझ्यासारख्या गणितवाल्याची आणि बॅटरीवाल्याची तुलना केलीत तर मी जन्मभर नापास. त्या २ टक्क्यांच्या यादीतही क्रमवारी उपविषयानुसार असते, स्वतःचीच सायटेशन वगळून आकडा वेगळा दिलेला असतो. यादी करणारे सावध आहेत, फ्लेक्स छापणारे नाहीत.

गोदाकाठी:
राहिलेलं सांगतो. कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी मी त्यांना विचारलंच, काम काय करता? म्हणाले, "कोबाल्ट कमी करून मँगनीज वाढवतोय. स्वस्त पडतं, चार्जही जास्त साठतो, पण चार्ज-डिस्चार्ज करत गेलं की व्होल्टेज हळूहळू उतरतं. अजून थांबवता आलेलं नाही." एवढं माइकवर बोलले असते तर मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

अंबड_एमआयडीसी:
हे कामाचं बोलले. त्यांच्या पेपरची लिंक टाका. लेप किती जाड घेतलाय ते आधी बघतो.