नोटरी नव्हे, नोंदणीकृत करारच करा
नोकरीनिमित्त बंगळूरुला जाताना पुण्यातील सदनिका ११ महिन्यांच्या नोटरी करारावर (नोटरीसमोर सही केलेल्या, पण नोंदणी न केलेल्या करारावर) भाड्याने द्यावी, असा सल्ला कोणी दिल्यास कृपया मानू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीपुरते शुल्क घेऊन वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, त्याची जबाबदारी घरमालकाची असते, आणि नोंदणी नसेल तर वाद उद्भवल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर मालक ते खोटे ठरवत नाही. दूर राहणाऱ्या मालकाला ही बाब फार महागात पडू शकते. याउलट करार नोंदणीकृत असेल आणि मुदत संपूनही घर रिकामे झाले नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत करारातील शुल्काच्या दुप्पट रकमेची मागणी करता येते. नोंदणी आता ऑनलाइन होते. सोसायटीला कळवावेच, मात्र बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी आकारते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक मागितल्यास लेखी हरकत घ्यावी. माझ्या मते, निघण्यापूर्वी मीटरची नोंद आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे भाडेकरूच्या उपस्थितीत घेऊन, सामानाची यादी दोघांच्या सह्यांनिशी करारालाच जोडावी.