शब्दचर्चा: ‘आर्ति’, ‘कोस्तुमे’, ‘आक्वाफोर्ते’

वाटसरू: इटलीतल्या जुन्या छापचित्रांखाली द्यायच्या ओळी मराठीत लिहितो आहे. व्हेनिसच्या गाएतानो झोंपिनीच्या 1753च्या मालिकेचं नाव ‘ले आर्ति के व्हान्नो पेर व्हिया’, त्याचं मी ‘रस्त्यावरील कला’ केलं. रोमच्या बार्तोलोमेओ पिनेल्लीच्या 1809च्या पन्नास चित्रांच्या संचाचं नाव ‘कोस्तुमि पित्तोरेस्कि’, पुढे ‘आक्वाफोर्तेनं कोरलेले’ असंही आहे. तिथे ‘नयनरम्य वेशभूषा, कोरीव चित्रे’ असं लिहिलं. तिन्ही शब्द खटकतायत. सुचवा.

तिरकी मात्रा: ‘कला’ आधी काढा. इथे ‘आर्ते’ म्हणजे धंदा, कसब. फ्लॉरेन्समधली ‘आर्ते देल्ला लाना’ ही लोकरवाल्या व्यापाऱ्यांची संघटना होती, विणकामाची कलाशाळा नव्हे. बोलोन्याच्या जुझेप्पे मारिया मितेल्लीच्या 1660च्या चाळीस चित्रांच्या नावातही हाच ‘आर्ति पेर व्हिया’ आहे. ‘रस्त्यावरील कला’ वाचून माणसाला भिंतीवरची रंगवलेली चित्रं आठवतील.

वाटसरू: मग ‘फेरीवाले’?

तिरकी मात्रा: अर्धं बरोबर. ‘व्हान्नो’ म्हणजे जातात, हिंडतात. ‘फेरी’त ते आहेच. पण मुंबईत आज फुटपाथवर पाल ठोकून एका जागी बसलेल्यालाही फेरीवालाच म्हणतात. शिवाय यातले सगळे काही विकत नाहीत. झोंपिनीचा ‘कोदेगा’ बघा: रात्री कंदील घेऊन पुढे चालणारा, लोकांना घरी सोडणारा. तो विकणार काय? ‘विक्रेते’ तर अजिबात नको. ‘व्हेनिसचे फिरते धंदे’ करा.

पेठकरी: ‘बलुतेदार’ का नको? कानाला छान लागतं.

तिरकी मात्रा: कानाला लागतं, पण व्यवहार वेगळा. बलुतेदाराला गाव वर्षाच्या पिकातून वाटा देतं, त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. हा माणूस अनोळखी दारापुढे आरोळी देतो आणि रोख घेतो.

जुना छापखाना: ‘आक्वाफोर्ते’बद्दल. शब्दशः ‘जोरदार पाणी’, म्हणजे नायट्रिक आम्ल. आता आपला ‘तेजाब’ फोडा: फारसी ‘तेज’ अधिक ‘आब’, तीव्र पाणी. दोन भाषांनी एकाच द्रवाला एकच नाव दिलंय! कोशातलं ‘अम्लरेखन’ शुद्ध आहे, पण मी ‘तेजाबी छाप’ म्हणेन.

‘कोरीव’ मात्र जपून वापरा. तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर देतात, तो धुरानं काळा करतात आणि सुईनं फक्त थर खरवडतात. तांबं खातं ते आम्ल. फिकट हव्या असलेल्या रेघा आधी वार्निशनं झाकून पत्रा पुन्हा आम्लात सोडला की उरलेल्या रेघा खोल होतात. थर कुठे नीट बसला नसेल तर आम्ल खालून शिरतं आणि मोकळ्या आकाशात काळे ठिपके पडतात. मग शाई रेघांत भरायची, पत्र्याचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा, ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबायचं. कागदावर पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट उमटते.

भिंगातून ओळखायची सोपी खूण: हत्यारानं कोरलेली रेघ मध्ये फुगते आणि टोकाला निमुळती होते. तेजाबाची रेघ एकसारखी जाडीची, टोकाला बोथट.

वाटसरू: पण मूळ नावातच ‘कोरलेले’ आहे!

जुना छापखाना: आहे, म्हणून ‘तेजाबानं कोरलेली’ चालेल. नुसतं ‘कोरीव’ लिहिलं की वाचक दगड-लाकूड धरतो.

आणखी एक. छाप उलटी येते. चित्रकारानं पत्र्यावर उलटं काढलं नाही तर उजव्या हातातली टोपली डाव्या हातात जाते. त्यामुळे ‘डाव्या हाताने विकणारा’ असलं काही ओळीत लिहू नका.

पेठकरी: ‘कोस्तुमे’चं राहिलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सवय, रूढी. इटालियनमध्ये कपडे आणि रीत दोन्ही त्यात मावतात, म्हणून पिनेल्लीच्या ‘कोस्तुमि’त नुसती कापडं नाहीत, रोमची राहणीही आहे. ‘वेशभूषा’ला नाटकाचा वास येतो; जणू माणसं सोंग घेऊन उभी आहेत. ‘पेहराव’ बरा, पण त्यात रीत येत नाही. शीर्षकात ‘पेहराव आणि राहणी’ असे दोन शब्द खर्च करा, लाजू नका.

अंगावरच्या वस्तूंनाही आपली नावं चिकटवू नका. रोमभोवतीच्या लाझियो प्रांताच्या दक्षिणेकडच्या ‘चोचे’ म्हणजे कातडी तळ आणि पोटरीला गुंडाळलेले पट्टे. त्यावरूनच त्या भागाचं नाव चोचारिया. ‘चपला’ म्हटलं की पट्टे गेले. ‘पट्टे बांधायच्या वहाणा’ लिहा. बायकांचा ‘बुस्तो’, म्हणजे धडावर घट्ट बसणारा कपडा, ताठ असतो, त्याला ‘चोळी’ म्हणू नका.

तिरकी मात्रा: ‘नयनरम्य’सुद्धा काढा. ‘पित्तोरेस्को’ म्हणजे चित्रात काढण्याजोगं. ‘चित्रमय’ पुरे.

जुना छापखाना: चित्राच्या तळाची बारीक अक्षरंही वाचा. ‘इन्व्ह.’ म्हणजे कल्पना ज्याची, ‘डेल.’ रेखाटन ज्याचं, ‘स्कल्प.’ किंवा ‘इंक.’ पत्रा ज्यानं कोरला तो. बोलोन्याच्या धंद्यांची मूळ रेखाटनं चित्रकार आन्निबाले कर्राच्चीची, तो वारला 1609 साली. सिमाँ गियँनं त्यांवरून केलेली ऐंशी चित्रं रोममध्ये निघाली 1646 साली. तिथे ‘कर्राच्चीची छापचित्रे’ लिहिलं की चूक. ‘कर्राच्चीच्या रेखाटनांवरून, तेजाबी छाप: गियँ’ असं लिहा.

वाटसरू: झोंपिनीसाठी हे पक्कं करतो: ‘व्हेनिसचे फिरते धंदे, तेजाबी छाप, 1753’. पिनेल्लीसाठी: ‘पन्नास चित्रमय पेहराव आणि राहणी, तेजाबानं कोरलेले, रोम, 1809’.

तिरकी मात्रा: ‘राहणी’ स्त्रीलिंगी, शेवटी आली. ‘कोरलेली’ करा.