खिळा न ठोकताही बरंच करता येतं

मालक खिळा ठोकू देत नाहीत आणि ११ महिन्यांनी करार संपणारच तर भाड्याचं घर सजवायला खर्च कशाला असं बरेच जण म्हणतात, मला हे अजिबात पटत नाही, अकरा महिने काय कमी झाले का? आम्हीपण पुण्यात भाड्यानेच राहतो. माझ्या मते सगळ्यात आधी लाइट बदला. बऱ्याच फ्लॅटमध्ये ती पांढरीफटक ६५०० केल्विनची ट्यूब असते (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर), तिच्या उजेडात हॉल दवाखान्यासारखा वाटतो. २७०० ते ३००० केल्विनचा वॉर्म व्हाइट एलईडी आणून कोपऱ्यातल्या लॅम्पला लावला की संध्याकाळी खोलीच बदलते, खरंच करून बघा! पडद्यांना स्प्रिंगचा रॉड मिळतो, खिडकीच्या चौकटीत दाबून बसतो, ड्रिल लागतच नाही. चिकटवायचे हुक मात्र डिस्टेंपरच्या भिंतीवर नको, काढताना रंगाचे पोपडे निघतात आणि मग डिपॉझिटमधून पैसे कापायला कारण मिळतं, त्यापेक्षा टाइल्सवर किंवा कपाटाच्या दारावर लावा. राहायला जाताना भिंतींचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. आणि हो, गॅलरीत ऊन असेल तर तुळस, नसेल तर मनी प्लांट, पण कुंड्या आणाच, फक्त खाली ताटल्या ठेवा म्हणजे खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळणार नाही.