गाडीने आपल्या डोळ्यांवर पाळत ठेवावी का?

स्टुटगार्टकर:
महिनाभरापूर्वी इथे नवी गाडी घेतली. स्टिअरिंगच्या मागे बोराएवढा कॅमेरा आहे. चेहऱ्यावर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पडतो, त्याची डोळ्यातली चमक आणि बाहुली यांच्या जागेवरून नजर कुठे आहे ते त्याला कळतं. ताशी ५० किमीच्या वर साडेतीन सेकंद नजर खाली राहिली की ठणाणा सुरू. युरोपात जुलै २०२४ पासून नव्या मॉडेलांना हे सक्तीचं झालं, जुलै २०२६ पासून प्रत्येक नव्या गाडीला. परवा लेकीच्या हातून पाण्याची बाटली निसटली, मी वाकलो, गाडी बोंबलली. मला तर पटलं. आपल्याकडेही आणा.

खडूस:
बाटलीपुरतं ठीक. पण नजर म्हणजे लक्ष नव्हे. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांच्या डोळ्यांचा माग घेतला होता, २००३चा शोधनिबंध आहे. ज्या जाहिरात-फलकांवर नजर पडल्याची यंत्रात नोंद होती, तेच फलक हँड्स-फ्रीवर बोलणाऱ्यांना नंतर धड ओळखता येईनात. न बोलणाऱ्यांच्या तुलनेत जेमतेम निम्मे. डोळे फलकावर, जीव फोनमध्ये! अशा माणसाला तुमचा कॅमेरा पैकीच्या पैकी मार्क देणार. आणि आपल्याकडे सगळा गाव दुचाकीवर. हेल्मेटात बसवायचा का कॅमेरा?

घाटरस्ता:
खडूसराव, थर्मामीटरला रोग कळत नाही म्हणून ताप मोजायचा नाही का? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने १०० गाड्यांत कॅमेरे लावून वर्षभर खऱ्या रस्त्यावरचं ड्रायव्हिंग टिपलं. नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका किमान दुप्पट. ताशी ८० ला साडेतीन सेकंदांत गाडी जवळपास ७८ मीटर जाते. म्हणजे खरं तर ती ओरडते तेव्हा उशीरच झालेला असतो.

मधली_लेन:
दोघांचंही पटतंय, पण माझी चिडचिड वेगळीच आहे. माझ्या जुन्या गाडीत एसीचा गोल खटका होता, न बघता फिरायचा. नवीत सगळं स्क्रीनवर. बोटाला काही लागत नाही, म्हणून बघावंच लागतं. अमेरिकेत २०१३ सालीच सरकारी मार्गदर्शक सूचना निघाल्या: एका वेळी दोन सेकंद, पूर्ण कामाला बारा सेकंद, याहून जास्त नजर खाणारी कामं चालत्या गाडीत देऊ नका. पण ऐच्छिक! नजरेचं यंत्र ड्रायव्हरवर रोखण्याआधी कंपनीतल्या स्क्रीनवाल्यांवर रोखा की.

घाटरस्ता:
ताई, +१. पण रात्री तीन वाजता पेंगणाऱ्या बसड्रायव्हरसाठी कॅमेरा हवाच, तिथे मी मागे हटणार नाही.

खडूस:
पेंगणाऱ्यासाठी माझीही हरकत नाही. फक्त ते चित्रण मालकाच्या मोबाइलवर जाता कामा नये.

स्टुटगार्टकर:
इथल्या नियमानुसार माहिती गाडीबाहेर जात नाही. स्क्रीनचं मात्र मान्य. मागची काच गरम करायचं बटण माझ्या गाडीत तिसऱ्या पानावर आहे. काल ते शोधताना दोनदा ओरडली.

मधली_लेन:
आणि ओरडा कोणाला बसला?