मदत हवी आहे: चौकात उभ्या असलेल्या वॉर्डनचा मालक नक्की कोण?

नमस्कार. एरवी मी नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. पुण्यात एका मोठ्या बांधकामामुळे अर्धा रस्ता बंद आहे, तिथे मी वाहतूक वॉर्डन म्हणून काम करते. चौकाचं आणि ठेकेदाराचं नाव देत नाही, कोणी लिहिलं ते लगेच कळेल.

काम तुम्ही सगळ्यांनी बघितलेलं असतं. बॅरिकेडच्या तोंडाशी उभं राहायचं, बस वळताना दुचाक्या थोपवायच्या, राँग साइडने घुसणाऱ्याला माघारी धाडायचं. शिवाय सारखं कोणीतरी काच खाली करून विचारतं, "स्वारगेटला कुठून?" पीएमपीचा थांबा पुढे सरकवलाय आणि त्याची पाटी कोणी लावलेली नाही, त्यामुळे पिशव्या घेऊन थांबा शोधणाऱ्या आज्ज्यांना तिथवर पोचवणंही आमच्याकडेच. त्याची तक्रार नाही. दिवसभरात तेवढंच काम असं, की समोरचा "बरं झालं बाई" म्हणतो.

शिफ्ट सकाळी आठ ते रात्री आठ. बसायची सोय नाही. एकीने घरून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, तर सुपरवायझरने तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली "ड्यूटीवर आराम". सावली म्हणजे पुलाच्या खांबाची. सकाळी ती फुटपाथवर असते, दुपारनंतर नेमकी चालू लेनमध्ये पडते, मग उन्हातच. जॅकेट जाड पॉलिस्टरचं, एप्रिलमध्येही चेन वरपर्यंत लावलेली हवी.

खरी अडचण संडास-बाथरूमची. साइटवर मजुरांसाठी एक फिरतं शौचालय आहे, त्याला आतून कडी नाही. समोरच्या पेट्रोल पंपावर "कस्टमरसाठी आहे" म्हणून हाकलतात. म्हणून आम्ही तिघी सकाळपासून पाणीच पीत नाही. मला मध्यंतरी लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टर म्हणाले भरपूर पाणी प्या. पिऊन जायचं कुठे, हे त्यांना कसं सांगणार?

पगार १४,००० ठरलाय, खात्यात १२,०१५ येतात, तेही कधी पंधरा तारखेला, कधी वीसला. "पीएफ-ईएसआय कापतो" म्हणतात. नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, कार्ड, काहीच दिलेलं नाही.

विचारलं तर ठेकेदार म्हणतो, सोयी साइटवाले देतील. साइटवरचे इंजिनियर म्हणतात, तुम्ही ट्रॅफिकच्या. चौकीतले साहेब म्हणतात, तुम्ही आमच्या पगारावर नाही. मग आम्ही आहोत तरी कोणाच्या? आणि नोकरी न घालवता हे कुठे मांडता येईल? हे सुटलं की दुसरीकडे बघू म्हणायला हातात काही नाही, म्हणून विचारते आहे.

खडकीकर
ताई, राग मानू नका, पण तुमच्यातले निम्मे मोबाइलमध्ये डोकं घालून उभे असतात. ट्रॅफिक आपलं आपणच सुटत असतं.

धागाकर्ती
दादा, दर तासाला चौकातला सेल्फी लोकेशनसकट पाठवायचा असतो. नाही पाठवला तर अर्धा खाडा लागतो. नेटवर्क नसलं की तो जाईपर्यंत मोबाइलमध्येच बघावं लागतं. रील बघणारेही आहेत, नाही म्हणत नाही.

कागदपत्रे
कामगार कायद्याचं काम करतो. मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देतो: तुम्ही ठेकेदाराच्या कामगार, पण ज्याचं काम चाललंय तो मूळ मालक, आणि कायदा त्याला सोडत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही पिण्याचं पाणी, शौचालय, विश्रांतीची जागा, प्रथमोपचार हे ठेकेदाराने दिलं नाही तर मूळ मालकाने द्यायचं, असं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत या सोयींची जबाबदारी थेट मूळ मालकावरच आहे. ठेकेदाराने पगार थकवला तर तोही मूळ मालकाने द्यायचा. अट एवढीच की कंत्राटी कामगार पन्नास किंवा जास्त हवेत. तुमच्या एका चौकात नसतील, पण त्या ठेकेदाराची सगळ्या चौकांतली माणसं धरा.

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. नेमणूकपत्र द्यावंच लागतं. नेहमीच्या तासांपलीकडे काम करून घेतलं तर दर दुप्पट. बारा तास उभं करून एकच पगार देणं बसत नाही.

आता तुमचा आकडा. १४,००० मधून १२,०१५ गेले, म्हणजे १,९८५ कापले. पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८०. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, पाऊण टक्का म्हणजे १०५. उरले २०० रुपये, तो व्यवसाय कर दिसतोय. महाराष्ट्रात दरमहा २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, एप्रिल २०२३ पासून. ते दोनशे रुपये तुमचेच आहेत, मागून घ्या.

बाकीचे पैसे भरले जातात का, ते उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडून बघा. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, माहीत नसेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून शोधता येतो. पासबुक रिकामं निघालं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, लगेच भांडायला जाऊ नका.

जुना_हवालदार
ट्रॅफिकमध्ये नोकरी झाली. चौकीतल्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, तुम्ही पोलीस नाही. म्हणूनच सांगतो, गाडीच्या किल्लीला हात लावू नका, कोणाची गाडी ओढू नका, दंडाचं बोलू नका. वॉर्डनला तो अधिकार नाही, आणि समोरच्याने व्हिडिओ काढला तर तुम्हीच अडकाल. हात दाखवायचा, शिट्टी मारायची, नाही ऐकलं तर नंबर लिहून ड्यूटीवरच्या अंमलदाराला द्यायचा. कोणी अंगावर गाडी घातली, घाण बोललं तर ११२. "कंत्राटी आहे म्हणून तक्रार घेत नाही" असं कोणी सांगितलं तर ते खोटं. मारहाण आणि विनयभंगाचे कायदे कोणत्याही नागरिकासाठी आहेत.

निशिगंधा
मी नर्स आहे. कायदा हलेपर्यंत जे हातात आहे ते. पाणी बंद करणं थांबवा, कृपया. उन्हात घाम जातो आणि वर लघवी रोखून धरली की जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. थोडं थोडं, सारखं प्या. घरी करायचं असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा. जॅकेटखाली सुती, डोक्याला ओला रुमाल. सोबतची बाई बरळायला लागली, चालताना झोकांड्या जायला लागल्या, अंग तापलेलं लागलं तर "चक्कर आली असेल" म्हणत बसवून ठेवू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

पंपाचं म्हणाल तर शौचालय, पिण्याचं पाणी आणि हवा पंपाने लोकांना फुकट द्यायची असते. पेट्रोल घेतलं का, हा प्रश्नच नाही. पंपावर तक्रारवही असते. ती मागितली की बऱ्याचदा किल्ली सापडते.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पासबुक उघडलं. पीएफ भरलाय, पण मधले काही महिने कोरे आहेत. ईएसआयचं काही कळलं नाही. समजा मला गाडीने उडवलं तर?

कागदपत्रे
ठेकेदाराकडे ईएसआयचा विमा क्रमांक मागा, दहा आकडी असतो. तो असेल तर कामावरच्या अपघातात, रजेच्या काळात पगाराच्या साधारण ९० टक्के भत्ता मिळतो, आणि घर ते काम या प्रवासातला अपघातही बहुतेक वेळा त्यात धरतात. पावसाळ्यात पहाटे निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कोऱ्या महिन्यांबद्दल पीएफच्या संकेतस्थळावर तक्रार टाकता येते, पण ती तुमच्या यूएएनवरून जाईल, म्हणजे नाव कळणार. आधी सोयींचं बघू.

टेकडीवरचा
नाव पुढे न येता करायचं असेल तर माहितीचा अधिकार. मी पुण्यातच राहतो, त्या रस्त्याने मीही जात असेनच, अर्ज माझ्या नावाने टाकतो. कारण सांगावं लागत नाही, फी दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. विचारू असं: वॉर्डन पुरवण्याच्या करारात दर वॉर्डनमागे ठेकेदाराला किती रक्कम दिली जाते, शिफ्ट किती तासांची धरलीय, पाणी-शौचालय-निवारा कोणी द्यायचाय. चौदा हजार आणि करारातला आकडा शेजारी ठेवला की पुढचं बोलणं सोपं जातं. कामगार आयुक्तांकडेही तोच कागद चालतो, आणि तिथे तुमच्याऐवजी एखादी संघटना अर्ज करू शकते.

फक्त काम कोणत्या कार्यालयाचं आहे ते नेमकं कळायला हवं. साइटवर पत्र्याला फलक लावलेला असतो, कामाचं नाव, काम करून घेणारं कार्यालय, ठेकेदार. आहे का तिथे?

धागाकर्ती
आहे, अर्धा गुटख्याने रंगलाय, पण वाचता येतो. उद्या फोटो काढून व्यक्तिगत निरोपात पाठवते. पंपावरची तक्रारवहीसुद्धा उद्याच मागते, तिघी मिळून.