मदत हवी आहे: निजामाच्या रेल्वेच्या काळातली मालगाडी

नमस्कार मंडळी. मनमाड–काचीगुडा (हैदराबाद) मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांच्या मार्गावर, लहान स्टेशनांचा माल कसा उचलला जायचा, याची माहिती गोळा करतोय. काळ साधारण १९५१ च्या आगेमागे, म्हणजे निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत गेली तेव्हाचा.

आजोबा सेलूच्या मालधक्क्यावर मालबाबू होते. ते सांगत, की थांबत थांबत जाणारी मालगाडी आली की तिचंच इंजिन सुटं करून साइडिंगला (मालधक्क्याजवळच्या बाजूच्या रुळावर) जायचं, भरलेले डबे ओढायचं, रिकामे ठेवायचं. एकेरी मार्ग असल्यामुळे तेवढ्यात पॅसेंजरची वेळ झाली तर सगळं तसंच सोडून बाजूला उभं राहायचं! सरकी-कापसाच्या दिवसांत तर रिकाम्या डब्यांसाठी जिनिंगवाले (कापसातून सरकी काढणारे कारखानदार) धक्क्यावर ठाण मांडून बसत.

मला कळत नाही ते असं: ही गाडी पूर्णा ते जालना अशी एकाच इंजिनावर जायची, की परभणीला तुटायची? रिकामे डबे कुठल्या स्टेशनाला किती, हे कोण ठरवायचं? कंट्रोलर (गाड्यांची हालचाल ठरवणारा अधिकारी) फोनवर सांगायचा, की स्टेशनमास्तर तारेने मागणी नोंदवायचे? मनमाडला गेज बदलायचं, त्यामुळे कापसाच्या गाठी ब्रॉडगेजच्या (जास्त रुंद रुळांच्या) डब्यात हातानेच भराव्या लागत. तिथे डबे अडकले की इकडे तुटवडा व्हायचा, असा माझा अंदाज आहे.

कुणाच्या घरी जुनं वर्किंग टाइमटेबल (रेल्वे कर्मचाऱ्यांसाठीचं वेळापत्रक) किंवा गार्डची डायरी असेल तर पानांचे फोटो टाका, प्लीज. पूर्णाच्या इंजिन शेडमधल्या कुणी निवृत्त काकांशी बोलता आलं तर फारच बरं.