लीडरशिप कॉन्फरन्सहून घरी आल्यावर काय उरलं? (अनुभव धागा)

रंकाळ्याकाठचा:
सलाम मंडळी. गेल्या आठवड्यात इथं कोल्हापुरातच तीन दिवसांची ख्रिस्ती लीडरशिप कॉन्फरन्स झाली. वहीभर नोट्स काढल्या, ग्रुप फोटो झाला, गळ्यातला बॅज अजून गाडीच्या आरशाला लटकतोय आणि रविवारी बघतो तर तरुण संघाच्या मीटिंगला तीच चार डोकी आणि मी तसाच ओरडतोय खुर्च्या लावा म्हणून. म्हणून विचारतोय, अशा कॉन्फरन्सहून एक तरी गोष्ट अशी घेऊन आलात का जी सहा महिन्यांनी पण टिकली? चर्चमध्ये उभं राहून साक्ष देतात तसा सूर नको, झालं ते सांगा. फसलेलं पण चालेल.

खजिनदारकाका:
मी सांगतो. चौदा वर्षं मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, हिशोबाचं कपाट माझ्याकडं, किल्ली कायम खिशात, झोपताना उशाला. मिरजेला एका परिषदेत बायबलातल्या निर्गमाच्या १८व्या अध्यायावर शिकवण होती. मोशे सकाळपासनं संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करत बसलाय आणि सासरा इथ्रो येऊन सांगतो की हे काय बरं नव्हं, तू पण दमशील आणि लोकं पण, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. हे मी किती वेळा वाचलेलं. पण त्या दिवशी वक्त्यानं एवढंच विचारलं, आत्ता तुमच्या खिशात अशी कुठली किल्ली आहे जिची जोडकिल्ली कुणाकडंच नाही? माझा हात आपोआप खिशाकडं गेला की.

परत आल्यावर मंडळीतल्या एका बीकॉम झालेल्या पोरीला दुसरी किल्ली करून दिली. पहिल्याच महिन्यात तिनं माझी चूक काढली, हॉलच्या भाड्याचे ४५० रुपये मी दोनदा जमा धरलेले. राग आला, खोटं कशाला बोलू. दोन रविवार तिच्याशी नीट बोललो नाही. आता दर महिन्याला दोघं बसून हिशोब जुळवतो, चहा मात्र मीच पाजतो.

भाकरीवाली:
काका, तुमचं बरं आहे, तुम्हाला सेशन ऐकायला तरी मिळालं. आमच्याकडं ‘सेवक-नेतृत्व’ असा विषय होता आणि त्या वेळी आम्ही नऊ जणी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीनशे माणसांच्या भाकऱ्या थापत होतो. स्पीकरवरनं आवाज येत होता म्हणून कळालं विषय काय आहे ते. योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय चाललेला, प्रभू येशूनं शिष्यांचे पाय धुतले तो. मग स्टेजवर खरंच घमेलं आणलं, पाळकसाहेबांनी एका तरुणाचे पाय धुतले, लोकं रडली. मी पण हात पुसत दारात येऊन उभी राहिले आणि डोळ्यात पाणी आलं, ते काय खोटं नव्हतं. पण सगळे जेवायला उठले आणि ते घमेलं तसंच स्टेजवर. गढूळ पाणी, वर टॉवेल तरंगतोय. कुणी उचललं? आमच्यातल्याच एकीनं.

मी तिथं काही बोलले नाही. घरी येऊन महिना गेल्यावर महिला मंडळात विषय काढला, वर्षाच्या मेळाव्याला स्वयंपाकाच्या पाळ्या लावा, मंडळीचे वडील आणि डीकन, म्हणजे कारभार बघणारे पुढारी, पण त्यात. हसले सगळे. तरी यंदा दोन वडील आले तव्यावर. भाकरी पार कर्नाटकाच्या नकाशागत झाली, पण आल्या आल्या त्यांनी विचारलं तरी की ताई, तुम्ही आतलं भाषण ऐकलं का?

इतिहासाचा किडा:
जरा विषय सोडून. कोल्हापूरचा आणि असल्या कॉन्फरन्सचा संबंध लई जुना आहे. रेव्हरंड वाइल्डर १८५२ साली इथं आले, त्यांच्या नावाचं चर्च आपल्याला माहीतच आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ ला कोल्हापुरातच जन्मला. तो १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मनला विद्यार्थ्यांच्या परिषदेला गेला, आणि परिषद संपेपर्यंत शंभर पोरं परदेशात मिशनकामाला जायला तयार झाली. गंमत म्हणजे हे सगळं मुख्य स्टेजवरनं झालं नाही, बरंचसं प्रार्थनेच्या छोट्या घोळक्यांत आणि एकेकाला गाठून बोलण्यातनं. मी हे कळल्यापासनं कुठल्याही कॉन्फरन्सला गेलो की चहाच्या ब्रेकला मोबाईल बाहेर काढत नाही.

आणि एक तक्रार, आपल्याकडचे वक्ते उदाहरणं देतात ती सगळी बाहेरच्या कंपन्यांच्या सीईओंची. अरे केडगावला पंडिता रमाबाई होत्या की! त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना छापखान्याचं काम शिकवलं, हिब्रू-ग्रीकवरनं साध्या मराठीत बायबल उतरवलं, १९२२ ला गेल्या आणि संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ ला. म्हणजे आपल्यामागं काम चालवणारी माणसं त्यांनी तयार केली होती. एवढं एक उदाहरण पुरलं असतं.

शिरोळकर:
मी असल्या कार्यक्रमांना नावं ठेवणारा माणूस. मित्रानं ओढून नेलं, तिथं बायबलातल्या नहेम्यावर तीन तास. त्यानं यरुशलेमाचा पडका तट ५२ दिवसांत बांधला वगैरे. त्यातलं एकच डोक्यात राहिलं, की यरुशलेमात आल्यावर तो आधी कुणाला काही बोलला नाही, रात्री थोडी माणसं घेऊन पडका तट बघत फिरला. बस.

मग २०१९ चा ऑगस्ट. हायवे बंद, आमच्या तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात. पाणी ओसरल्यावर आमच्या ग्रुपनं उत्साहात बिस्किटांचे नव्वद बॉक्स गोळा केले. निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं आधी बघून तरी येऊ. दोघं बाईकवर गेलो. ज्या घरात गेलो तिथं कोपऱ्यात बिस्किटांची थप्पी! एक आजी म्हणाली, “बाळा, खायला लई आलंय, चिखल काढायला खोरं दे.” मग खोरी, खराटे, फिनेल आणि बायकांसाठी सुकी लुगडी नेली. आमची बिस्किटं पुढं वर्षभर संडे स्कूलची पोरं खात होती.

तबलजी:
मला काय शिकायला मिळालं नाही, खरं सांगतो. पांढरा रस्सा फक्त चांगला होता.

रंकाळ्याकाठचा:
@भाकरीवाली ताई, तुमचं वाचून परवा हॉलवर जाऊन आलो. आमच्या कॉन्फरन्सलाही पाय धुण्याचा कार्यक्रम झालेला. घमेलं स्टेजच्या मागं होतं, पाणी तसंच, त्यात डास झालेले. धुऊन ठेवलं. खाली नाव कोरलंय ते दुसऱ्याच मंडळीचं आहे, आता परत कुणाला करायचं ते विचारतोय.